एकहाती गाडी

परवा एका मुंजीच्या जेवणात पुन्हा त्यांचा विषय निघाला. "काय गाडी ठेवायचा तो माणूस! बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा," एक गृहस्थ म्हणाले आणि टेबलावरच्या सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. मग दुसऱ्याने हसत हसत रोटरचा किस्सा सांगायला घेतला, तशी मी ताट उचललं आणि तिथून उठले. वर्षं लोटली की राग निवतो असं म्हणतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही शुगर लँडला आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ह्यूस्टनमध्ये तेल कंपन्यांची चलती होती. आमच्यापासून दोन घरं सोडून ते राहायचे. मूळचे कोल्हापूरचे, एका तेल कंपनीत इंजिनियर. सगळे त्यांना काका म्हणत म्हणून मीही म्हणायचे. पंधरा दिवस ते समुद्रातल्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर असायचे आणि पंधरा दिवस घरी. न्यायला-आणायला कंपनीची व्हॅन यायची. म्हणजे अर्धा महिना त्यांची गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी असायची, आणि त्यांची बायको, आमच्या काकू, टेक्ससच्या उन्हात छत्री घेऊन पायी दुकानात जायच्या.

आमच्या भागात फूटपाथच नव्हते. चालणारं माणूस दिसलं की लोकांना वाटायचं, हिची गाडी बंद पडली किंवा हिला घरातून हाकललं. एकदा पोलिसाने गाडी थांबवून काकूंना विचारलं, "मॅम, आर यू ऑल राइट?" काकूंनी त्याला हातातली कोथिंबीर दाखवली आणि म्हणाल्या, "यस यस, शॉपिंग." हे मला हसत हसत सांगितलं त्यांनी. मला हसू आलं नाही.

गाडी म्हणजे लाकडी पट्ट्यांची, होडीएवढी लांब स्टेशन वॅगन. त्या गाडीत बसण्याचे नियम होते. चपला बाहेर काढून हातात घ्यायच्या. दार आपटायचं नाही, दाबायचं. "दार आपटणारा माणूस उद्या माणसंही आपटेल," असं ते म्हणायचे. ए.सी. लावायचा नाही, कारण विकताना तो नवा निघाला पाहिजे. पेट्रोल पहाटे भरायचं, कारण तेव्हा ते थंड असतं आणि जास्त मावतं. सुरू करण्याआधी ते मागच्या बंपरला धरून गाडी दोनदा हलवायचे. भारतात असताना स्कूटर तिरकी करायची सवय होती ती इथवर आली होती, पण त्यांना तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती. "पेट्रोल ढवळलं पाहिजे," म्हणायचे. आणि आमचे उच्चशिक्षित, मोठमोठ्या कंपन्यांतले पुरुष घरी येऊन आपापले बंपर हलवायचे.

पुढच्या सीटवर काकांच्या शेजारी हत्यारांची पेटी असायची. टॉवेलवर ठेवलेली आणि वरून सीटबेल्ट लावलेली. काकू आणि त्यांची मुलगी मागे. काकूंच्या मांडीवर गरम भाताचं पातेलं असलं तरी मागेच. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं आज काहीतरी खास काम असेल. पण ती पेटी तिथून कधी हललीच नाही. मुलगी इथेच वाढलेली, शाळेत मैत्रिणींना सांगायची, "वी डोन्ट हॅव अ कार. माय डॅड हॅज अ कार." मैत्रिणींना तो विनोद वाटायचा.

आणि त्यांचं ते लाडकं वाक्य! "गाडी हात ओळखते. दुसरा हात लागला की बिघडलीच." त्यांच्या वडिलांनी कोल्हापुरात एक जुनी मोटार घेतली होती, ती एकहाती होती म्हणून. एकहाती म्हणजे आधीच्या मालकाशिवाय कोणी न चालवलेली. तिकडे जाहिरातीत तसं छापत, आणि भावही जास्त मिळे. क्लच, गिअर एकाच पायाला, एकाच हाताला सरावलेले असतात, असं त्यामागचं शास्त्र. आता या वॅगनला क्लच नव्हताच. ऑटोमॅटिक गाडी. डी वर टाकली की चालली. मी एकदा तसं बोलले. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देवघरात चपला घालून शिरले होते. "तुझ्या त्या खेळण्याचं मला सांगू नकोस," म्हणाले. खेळणं म्हणजे माझी छोटी हॅचबॅक.

शनिवारी त्यांच्या ड्राइव्हवेत सभा भरायची. काका गाडीखाली आडवे, फक्त पाय बाहेर, आणि भोवती चार-सहा मराठी पुरुष टॉर्च धरून उभे. काका लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकायचे. ऑइल दोन बोटांत चोळून वास घ्यायचे. काकू आतून चहा आणायच्या, कप ठेवायच्या, रिकामे कप उचलायच्या. माझा नवरा तर त्यांचा पट्टशिष्य. ऑइल बदलायला, प्लग साफ करायला तिथेच शिकला.

माणूस सगळाच वाईट होता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल, आणि मला खोटं बोलायची गरज नाही. एका ऑगस्टमध्ये भर दुपारी फिफ्टी-नाइन हायवेवर माझ्या गाडीचा रेडिएटरचा होज फुटला. नवरा मीटिंगमध्ये. मी फोन बूथवरून काकांना फोन केला, तर ते डोक्याला ओला पंचा बांधून अर्ध्या तासात हजर. दुधाच्या रिकाम्या कॅनमधून पाणी आणलेलं. होजचा फाटका तुकडा कापून उरलेला बसवला, क्लॅम्प आवळला, पाणी भरलं. घामाने निथळत होते. मी म्हटलं, काका, थोडं पाणी प्या ना त्यातलं. तर म्हणाले, "ते गाडीचं आहे." दुरुस्ती करून, हात पुसून निघून गेले. कोणाचीही गाडी अडली की हा माणूस धावायचा. घरातलं माणूस अडलेलं मात्र त्यांना दिसत नव्हतं. म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

काकू मिरजेला हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. चांगल्या शिकवायच्या असणार, कारण माझ्या लेकाला त्यांनी पोळ्या लाटता लाटता अपूर्णांक शिकवले आणि त्याला ते आयुष्यभर पुरले. इथे आल्यापासून त्या घरात होत्या. आमच्याकडे गाडी नसणं म्हणजे घरात डांबून ठेवणंच. बस नाही, रिक्षा नाही, दुकान मैलभर लांब. काका मात्र म्हणायचे, "डांबून कुठे ठेवलंय? किल्ली घरातच असते!" आणि ते खरं होतं. समुद्रावर जाताना ते गाडीची किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्यावर टांगून जायचे. आल्यागेल्याला ती दाखवायचे. "बघा, मी काही खिशात घेऊन जात नाही. हिलाच इंटरेस्ट नाही."

इंटरेस्ट कसा नाही! मी काकूंना म्हटलं, चला, मी शिकवते. काका समुद्रावर गेले की आठवड्याच्या मधल्या दिवसांत चर्चचं पार्किंग ओसाड असायचं. तिथे माझ्या खेळण्यात आम्ही शिकलो. पहिल्या दिवशी काकूंनी स्टिअरिंगला हात लावण्याआधी नमस्कार केला आणि मग ब्रेक असा दाबला की माझं कपाळ काचेला टेकलं. पण महिन्या-दोन महिन्यांत हात बसला. लायसन्सची परीक्षाही माझ्याच गाडीत दिली. पास झाल्या तेव्हा ऑफिसबाहेर आम्ही दोघी लहान मुलींसारख्या नाचलो. घरी काकांना त्यांनी ते लायसन्स दाखवलं. काका उलटसुलट करून बघत म्हणाले, "बरं झालं. चेक वटवायला आयडी लागतो." आणि टीव्ही लावला.

त्याच सुमारास शाळेत मदतनीस शिक्षिकेची जागा निघाली. गणितात मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवायचं. काकूंनी मुलाखत दिली, मी नेलं-आणलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "डू यू हॅव युवर ओन ट्रान्सपोर्टेशन?" काकूंनी सांगितलं, यस, आय हॅव अ स्टेशन वॅगन. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "अगं, खोटं नाही ना बोलले मी? किल्ली असते ना घरात." नोकरी मिळाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. काका तेव्हा समुद्रावर होते. मी रोज सोडते म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला. "नाही. तू सोडत राहिलीस तर ती तुझी नोकरी. मला माझी करू दे."

सोमवारी सकाळी मी डबे भरत होते, तेवढ्यात फोन. "अगं, गाडी नुसती घरघरतेय. सुरूच होत नाही." मी तशीच धावले. काकू नीट इस्त्रीची साडी नेसून गाडीत बसलेल्या, चपला मांडीवर. हो, त्या वेळीही चपला मांडीवर! किल्ली फिरवली की स्टार्टर घरघरायचा आणि पुढे काही नाही. मुलगी दारात दप्तर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आई, इट नेव्हर स्टार्ट्स व्हेन बाबा इज नॉट हिअर." काकूंनी पूर्वी एकदोनदा किल्ली फिरवून बघितली होती, तेव्हाही असंच झालं होतं, आणि आपल्याला चालवता येत नाही म्हणून असेल, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. मुलीच्याही अंगवळणी पडलं होतं ते. काकूंना मी माझ्या गाडीत घातलं आणि वेळेवर शाळेत पोचवलं. रस्ताभर त्या एकच म्हणत होत्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

संध्याकाळी नवऱ्याला घेऊन गेले. म्हटलं, बघ जरा, बॅटरी गेली असेल. तो बॉनेटपाशी गेला आणि उघडायलाच तयार होईना. इकडे बघ, तिकडे बघ. शेवटी मी ओरडले तेव्हा म्हणाला, "बॅटरी ठीक आहे. काका रोटर काढून नेतात."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने बॉनेट उघडलं आणि आतल्या एका डबीवरची टोपी काढून दाखवली. इंजिनात एक गोल डबी असते, तिच्या आत तळहातावर मावेल एवढा प्लॅस्टिकचा तुकडा फिरतो आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पोचवतो. तो तुकडा म्हणजे रोटर. तो काढला की बाकी गाडी धडधाकट असूनही निर्जीव. काका दर वेळी समुद्रावर जाताना तो काढून दाढीच्या सामानात टाकून न्यायचे आणि आल्यावर पुन्हा बसवायचे. "गाडी झोपवून आलो," असं म्हणायचे. आम्हा बायकांना वाटायचं, बॅटरीची वायर सोडवत असतील. आणि किल्ली खिळ्यावर! सगळ्या जगाला दाखवायला!

"तुला माहीत होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"सगळ्यांनाच माहीत आहे. शनिवारी ते सांगतात ना. चोरी होऊ नये म्हणून."

"बंद गॅरेजमधून कोण चोरणार होतं?"

तो बॉनेटची कड फडक्याने पुसायला लागला.

"बोल ना. कोण चोरणार होतं?"

"अगं, त्यांची गाडी आहे. त्यात आपण काय बोलायचं यार?" असं म्हणाला माझा नवरा. त्या ड्राइव्हवेत टॉर्च धरून उभे राहणारे सगळे मूग गिळून बसले होते, आणि बसले होते असं तरी कशाला म्हणू, हसले होते. त्यांच्या हसण्याच्या मधूनच काकू चहाचे कप उचलून नेत होत्या. त्या दिवशी घरी मी नवऱ्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही.

काकू मात्र रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी त्या रिकाम्या डबीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "हे दुकानात मिळत असेल ना?"

आम्ही दोघी गाडीच्या पार्ट्सच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने मेक, मॉडेल, वर्ष, किती सिलिंडर असं विचारलं. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी खाडखाड उत्तरं दिली. इतकी वर्षं मागच्या सीटवरून आणि चहाच्या ट्रेमागून त्यांनी दुसरं ऐकलं तरी काय होतं? माणसाने मागे वळून फळीवरून एक खोका काढला आणि समोर ठेवला. इतकंच. जिच्यावाचून एक बाई वर्षानुवर्षं उन्हात चालली ती वस्तू तिथे कोणालाही मिळत होती. घरी येऊन काकूंनी तो स्वतः बसवला. माझा नवरा मदतीला पुढे झाला तर त्याला म्हणाल्या, "तुम्ही टॉर्च धरा. सवय आहे तुम्हाला."

दुसऱ्या दिवसापासून ती होडी शाळेच्या पार्किंगमध्ये उभी राहू लागली.

दसरा कुठल्याही वारी येवो, आम्ही तो रविवारी साजरा करायचो. खंडेनवमी आणि दसरा एकाच सकाळी उरकायचो, कारण सोमवारी सगळ्यांना ऑफिस. आमच्यात वाहनपूजा काकांच्याच घरी व्हायची. सगळ्या मराठी घरांच्या गाड्या त्यांच्या रस्त्यावर ओळीने लागायच्या, झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, आणि पाटावर काकांची हत्यारं, प्रत्येक पान्याला हळदकुंकू. शेजारचे अमेरिकन कॅमेरे घेऊन बाहेर यायचे. त्या वर्षी काका आदल्या संध्याकाळीच समुद्रावरून आले होते, दमून लवकर झोपले होते. काकूंनी गाडी धुऊन गॅरेजमध्ये होती तश्शी उभी केली होती, चादरीसकट.

सकाळी सगळे जमल्यावर काका सोवळं नेसून गॅरेजमध्ये आले. चादर ओढली, बॉनेट वर केलं, डाव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. पुरुष नेहमीसारखे भोवती जमले. काकांनी त्या डबीची टोपी काढली आणि तसेच वाकलेले राहिले. जागा भरलेली होती. नवाकोरा रोटर तिथे बसलेला होता. काकांनी मूठ उघडून स्वतःचा रोटर बघितला, मग पुन्हा आत बघितलं.

मग त्यांनी मान वर केली आणि पुरुषांकडे एकेक करून बघत विचारलं, "कोणी सांगितलं हिला?"

तेवढंच विचारलं त्यांनी! आपण काय केलं याची लाज नाही, कोणी फोडलं याची चौकशी.

काकू पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "गाडीनेच सांगितलं. सुरू झाली नाही ती." आणि मग, "मी शाळेत लागलेय. रोज नेते गाडी. तो आतला माझा आहे. तुमचा तुमच्यापाशी असू द्या."

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "म्हणजे दुसरा हात लागला," ते म्हणाले. एखादी वस्तू विटाळल्यासारखे दोन पावलं मागे सरकले, हातातला रोटर हत्यारांच्या पाटावर ठेवला आणि आत निघून गेले. सोवळं सावरत.

नारळ कोण फोडणार असा प्रश्न आला. बायका नारळ फोडत नाहीत, असं कोणीतरी पुटपुटलं. मी त्याच्याकडे वळले, पण मला तोंड उघडावं लागलं नाही. काकूंनी नारळ उचलला आणि ड्राइव्हवेवर असा आपटला की पाणी शेजारच्यांच्या कॅमेऱ्यापर्यंत उडालं.

काकांनी त्या गाडीला पुन्हा हात लावला नाही. महिन्याच्या आत स्वतःसाठी एक छोटा पिकअप ट्रक घेतला आणि हत्यारांची पेटी तिकडे हलवली, सीटबेल्ट लावून. काकूंशी ते कामापुरतंच बोलायचे. बाहेर सांगत फिरायचे की वॅगन आता भंगारात जाणार, वर्षभर टिकली तरी नशीब. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. काकूंनी वेळेवर ऑइल बदललं, चाकं बदलली. उन्हाळ्यात ए.सी. लावला, काचा वर करून. चपला घालून गाडी चालवली.

मग तेलाचे भाव कोसळले. ह्यूस्टनमध्ये गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या झाल्या, लोक घराच्या किल्ल्या बँकेला देऊन निघून गेले. काकांची नोकरी गेली, आणि पाठोपाठ पिकअपही विकावा लागला. घर काकूंच्या पगारावर चाललं. पण त्या जेवणांत, त्या मुंजींत हे कोणी सांगत नाही. काय गाडी ठेवायचा तो माणूस, तेवढंच सांगतात.

एका शनिवारी काकू मला देवळात न्यायला आल्या तर गाडीत काकाही होते. मागच्या सीटवर. पुढे काकूंच्या शेजारी मुलांच्या वह्यांची थैली होती, वरून सीटबेल्ट लावलेला. मी मागे काकांशेजारी बसले. त्यांनी चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या. खूप वाळले होते. मला त्यांची दया यायला हवी होती, आणि थोडी आलीही, पण माफी त्यांनी कधी मागितली नाही, आणि मागितली असती तरी ती घेणारी मी कोण?

फिफ्टी-नाइनवर काकूंनी गाडी लेनमध्ये घातली. इंजिनाचा आवाज एकसारखा लागला होता. काका मान तिरकी करून ऐकत होते, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचे तसे. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "गाडी चांगली ठेवली आहेस."

काकूंनी आरशातही बघितलं नाही. म्हणाल्या, "एकहाती आहे."